वर्तुळ दिसले म्हणजे औषध सापडले का?

रसायनशास्त्राच्या संशोधन-पत्रिकांतून एका ठरावीक साच्याचे निबंध वर्षानुवर्षे बाहेर पडत असतात. एखादे नवे संयुग तयार करायचे, वर्णपटांच्या साहाय्याने त्याची रचना निश्चित करायची आणि शेवटच्या दोन पानांत ते रोगकारक जीवाणूंवर 'तपासायचे'. जीवाणूही बहुधा ठरलेले असतात : स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ई. कोलाय, स्यूडोमोनास एरुजिनोसा आणि जोडीला बॅसिलस सबटिलिस. संयुगाच्या द्रावणात बुडवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या जीवाणू पसरलेल्या अगारवर ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जे स्वच्छ वर्तुळ दिसते त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. मग निष्कर्ष येतो : 'सदर संयुगे प्रभावी असून भावी औषधनिर्मितीच्या दृष्टीने आशादायक आहेत.' याची वर्तमानपत्रात बातमी झाली की 'आशादायक' हा शब्दही गळतो आणि 'नवे औषध सापडले' एवढेच उरते.

अशा निबंधांत काही खोटे असते असे नाही. संयुग खरोखर तयार झालेले असते आणि वर्तुळही खरोखर पडलेले असते. आमची तक्रार आहे ती तक्त्यापासून निष्कर्षापर्यंत मारलेल्या उडीबद्दल. ही उडी किती लांब आहे हे समजून घ्यायला बोरॉनची संयुगे फार सोयीची आहेत. बोरॉनचे एक संयुग असे आहे की चकतीच्या कसोटीत त्याला शून्य गुण मिळाले असते, तरी आज ते गंभीर जंतुसंसर्गावरील एका औषधाचा भाग आहे. दुसरे एक प्रयोगशाळेतल्या कसोट्यांत उत्तम उतरले, पण रुग्णांना दिल्यावर काहींच्या शरीरातले जीवाणू एक-दोन दिवसांतच त्याला दाद देईनासे झाले. ज्या कसोटीचा निकाल दोन्ही बाजूंनी असा फसू शकतो, तिच्यावर किती भार टाकायचा हा प्रश्न शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी विचारायलाच हवा.

घरातले बोरॉन

बोरॉन आपल्याला परका नाही. सोनार डाख देताना वापरतो तो टाकणखार म्हणजे बोरॅक्स. जुन्या घरांतून त्यालाच सवागी म्हणत आणि सवागीची लाही करून ती तोंड आल्यावर लावत. कॅरमच्या बोर्डावर सोंगट्या सरसर सरकाव्यात म्हणून आपण जी पूड टाकतो ती बोरिक पावडर, म्हणजेच बोरिक आम्ल. हेच बोरिक आम्ल जोसेफ लिस्टर यांनी १८७० च्या दशकात जखमा बांधण्याच्या पट्ट्यांसाठी वापरले आणि पुढे अनेक दशके 'सौम्य व निर्धोक जंतुनाशक' म्हणून ते घरोघरी आणि रुग्णालयांत वावरले.

यातल्या 'निर्धोक' या शब्दाची किंमत तान्ह्या मुलांनी मोजली. बोरिक आम्ल सोललेल्या किंवा पुरळ आलेल्या त्वचेतून शरीरात शोषले जाते आणि शरीराबाहेर सावकाश पडते. लंगोटाच्या जागी आलेल्या पुरळावर ही पूड वारंवार भुरभुरल्याने बाळांना विषबाधा झाली, काही दगावली. १९५३ साली अमेरिकेतील एका बालरोगविषयक नियतकालिकात जगभरच्या वैद्यकीय लेखनातून गोळा केलेल्या अशा १०९ घटनांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यानंतर मुलांसाठी ही पूड वापरणे मागे पडत गेले.

'जंतुनाशक' या शब्दाचेही असेच. रुग्णाची लघवी तपासणीसाठी दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायची असेल तर काही बाटल्यांत आधीपासून बोरिक आम्ल घातलेले असते. त्याचे प्रमाण सुमारे १.८ टक्के होईल असा हिशोब असतो. ते कशासाठी? जंतू मारण्यासाठी नव्हे! वाटेत जंतूंची संख्या वाढू नये आणि घटूही नये, म्हणजे प्रयोगशाळेत पोहोचल्यावर मूळ संख्या कळावी यासाठी. बाटलीतला थेंब ताज्या पोषक माध्यमावर पसरला की तेच जीवाणू पुन्हा वाढू लागतात. म्हणजे वाढ थांबवणे आणि ठार मारणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. चकतीभोवतीचे वर्तुळ फक्त पहिली गोष्ट सांगते. तिथे वाढ झाली नाही, एवढेच. तिथले जीवाणू मेले की नुसते थबकले, हे वर्तुळाकडे कितीही वेळ पाहिले तरी कळत नाही.

चकती काय सांगते

चकतीची कसोटी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. १९६६ साली बॉअर, किर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला प्रमाणित रूप दिले आणि आजही जगभरच्या रुग्णालयांत ती रोज वापरली जाते. माध्यम कोणते, अगारचा थर किती जाड (४ मिलिमीटर), चकती किती मोठी (६ मिलिमीटर), जीवाणू किती दाट पसरायचे, तापमान किती, किती तासांनी मोजायचे, हे सारे ठरलेले असते. प्रत्येक ज्ञात औषधासाठी चकतीवरची मात्राही ठरलेली असते. शिवाय अमुक औषधाचे अमुक जीवाणूवर इतके मोठे वर्तुळ पडले तर रुग्णाला त्या औषधाचा उपयोग होण्याचा संभव आहे, हे प्रत्यक्ष रुग्णांच्या अनुभवाशी ताडून पाहिलेले असते. रुग्णालयातल्या वर्तुळाला अर्थ येतो तो या ताडून पाहण्यामुळे.

नव्या संयुगाच्या बाबतीत असे काहीच ताडलेले नसते. मग वर्तुळाचा आकार कशावर ठरतो? संयुगाच्या मारकशक्तीवर ठरतो हे खरे, पण त्याबरोबर ते अगारमधून किती वेगाने पसरते यावरही ठरतो. लहान, पाण्यात विरघळणारा रेणू लांबवर जातो. मोठा किंवा तेलकट रेणू चकतीजवळच रेंगाळतो. कोलिस्टिन हे औषध इतर काही चालेनासे झाल्यावर वापरले जाते, पण त्याचा रेणू मोठा असल्याने तो अगारमधून नीट पसरत नाही. म्हणून कोलिस्टिनसाठी साध्या चकतीची कसोटी भरवशाची मानली जात नाही. आता आपल्या नव्या संयुगाचे वर्तुळ १८ मिलिमीटर आणि शेजारच्या परिचित औषधाचे २४ मिलिमीटर आले, तर आपले संयुग त्या औषधाच्या 'तीन-चतुर्थांश प्रभावी' ठरते काय? मुळीच नाही. दोघांची मात्रा वेगळी, पसरण्याचा वेग वेगळा आणि व्यास मात्रेच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. शिवाय ६ मिलिमीटर तर चकतीचेच असतात! तरी अशी तुलना निबंधामागून निबंधात आढळते.

आणखी एक गोष्ट बहुतेकदा तपासलेलीच नसते. अशी बरीच संयुगे पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून ती डायमिथिल सल्फॉक्साइडसारख्या द्रावकात विरघळवतात. नुसत्या द्रावकात बुडवलेली चकती शेजारी ठेवली होती का? तिच्याभोवती काय दिसले? हा स्तंभ तक्त्यात नसेल तर बाकीचे स्तंभ वाचण्यात फारसा अर्थ नाही. वर्तुळाच्या आत उगवलेल्या एखाद-दुसऱ्या वसाहतीचा उल्लेख आहे का, हेही पाहावे. त्या वसाहती म्हणजे पुढे येणाऱ्या संकटाची पहिली खूण असू शकते. ती कशी, ते पुढे येईलच.

तपासले ते नेमके काय?

बोरॉनच्या संयुगांबाबत एक खास अडचण आहे. बोरिक आम्लाचे एस्टर पाण्यात झपाट्याने फुटतात आणि त्यातून पुन्हा बोरिक आम्ल बाहेर पडते. अगारमध्ये बहुतांश पाणीच असते. अठरा तास पाण्यात राहिलेल्या चकतीतून जे पसरले ते आपले नवे संयुग, त्याचे तुकडे, की साधे बोरिक आम्ल? याचे उत्तर मिळवायला फार खर्च येत नाही. तेवढेच बोरॉन असलेली बोरिक आम्लाची एक चकती आणि बोरॉन जोडण्यापूर्वीच्या मूळ सेंद्रिय रेणूची दुसरी चकती त्याच बशीत ठेवायची. या दोन चकत्या नसतील तर 'बोरॉन जोडल्याने प्रभाव वाढला' हे विधान निराधार राहते.

बोरॉनला शर्करेसारख्या, शेजारी-शेजारी हायड्रॉक्सिल गट असलेल्या रेणूंची ओढ आहे. कनिष्ठ महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना याचा अनुभव असेल. बोरिक आम्ल इतके सौम्य की कॉस्टिक सोड्याशी त्याचे अनुमापन करताना अंतिम बिंदू धड सापडत नाही. त्यात मॅनिटॉल किंवा ग्लिसरीन घातले की बोरॉन त्यांच्याशी जोडला जातो, आम्ल तीव्र होते आणि फिनॉल्फ्थॅलीनचा रंग नेमका बदलतो. हीच ओढ पोषक माध्यमातही असणार. माध्यमात असे पदार्थ असतील तर बोरॉन-संयुगाचा काही भाग त्यांच्यातच अडकेल आणि माध्यम बदलले की निकालही बदलू शकेल. म्हणून माध्यमाचे नाव न देता मांडलेला तक्ता अर्धवट समजावा.

या निबंधांतील स्पष्टीकरणाचा परिच्छेदही पुष्कळदा उसना असतो. ट्वीडी यांच्या नावाने ओळखली जाणारी एक उपपत्ती तिथे उद्धृत केलेली दिसते : धातूचा आयन सेंद्रिय रेणूच्या पकडीत सापडला की त्याचा विद्युत्भार झाकला जातो, संयुग अधिक स्निग्धप्रेमी होते आणि जीवाणूच्या पटलातून सहज आत शिरते. कल्पना तर्काला धरून आहे. पण निबंधकर्त्याने आपले संयुग किती स्निग्धप्रेमी आहे हे मोजले का? ते पेशीत शिरले का, हे पाहिले का? बहुधा नाही. आणि बोरॉन हा तर धातूही नाही! न मोजलेल्या गोष्टीने मोजलेल्या गोष्टीचे स्पष्टीकरण देणे ही सवय विद्यार्थी ज्यांच्याकडून उचलतात, त्यात आपण शिक्षकही येतो, हे विसरून चालणार नाही.

रिकामी जागा

मग बोरॉन औषधात खरोखर कामाला येतो तो कसा? बोरॉनच्या अणूत बाहेरच्या कक्षेत तीनच इलेक्ट्रॉन असतात. तीन बंध केल्यावरही त्याच्याकडे इलेक्ट्रॉनांच्या एका जोडीसाठी जागा रिकामी राहते. अशा वेळी त्याची रचना सपाट, त्रिकोणी असते. शेजारी इलेक्ट्रॉनांची जोडी देऊ शकणारा ऑक्सिजन आला की तो त्या जागेत येतो आणि रचना चतुष्फलकी होते. विशेष असे की हा बंध पुन्हा सुटूही शकतो.

आता जीवाणूंकडे पाहू. पेनिसिलिनच्या कुळातील औषधांना तोडण्यासाठी अनेक जीवाणू बीटा-लॅक्टमेज नावाची विकरे म्हणजेच एन्झाइम तयार करतात. यांतील बऱ्याच विकरांच्या गाभ्यात सेरीन हे अमिनो आम्ल असते. सेरीनचा ऑक्सिजन औषधाच्या कार्बनवर चाल करतो, क्षणभर तो कार्बन चतुष्फलकी होतो, वलय तुटते आणि मग पाण्याचा रेणू येऊन विकराला मोकळे करतो. विकर पुढच्या रेणूकडे वळते. कार्बनच्या जागी बोरॉन असलेला रेणू मिळाला तर सेरीन त्यालाही धरते, बोरॉन चतुष्फलकी होतो, पण तुटण्यासारखे तिथे काही नसते. विकर त्या अवस्थेतच अडकून पडते. बोरिक आम्ल आणि बोरॉनिक आम्ले पेनिसिलिन तोडणाऱ्या विकराला अडवतात हे कीनर आणि वेली यांनी १९७८ साली दाखवून दिले होते.

ही निरीक्षणे औषधापर्यंत पोहोचायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. वाबोरबॅक्टम हे वलयाकार बोरॉनिक आम्ल मेरोपेनेम या प्रतिजैविकाच्या जोडीने वापरण्यास अमेरिकेत ऑगस्ट २०१७ मध्ये परवानगी मिळाली. मेरोपेनेमसारखी औषधे तोडणारे केपीसी हे विकर वाबोरबॅक्टममुळे अडून बसते आणि मेरोपेनेमला आपले काम करता येते. आता आपल्या मूळ मुद्द्याकडे या. वाबोरबॅक्टमला स्वतःची जीवाणूरोधक क्षमता नाही म्हटले तरी चालेल. चार ठरीव जीवाणूंवर त्याची चकती ठेवली असती तर वर्तुळ पडले नसते आणि तक्त्यात त्याच्या पुढे 'अप्रभावी' असे लिहून संशोधक पुढच्या संयुगाकडे वळला असता. त्याची योग्यता दिसण्यासाठी केपीसी तयार करणारा जीवाणू आणि मेरोपेनेम असे दोघेही बशीत हवेत. म्हणजे प्रश्न आधी नेमका ठरवावा लागतो. कसोटी त्यानंतर येते.

रुग्णांवरील चाचण्याही अशाच डोळसपणे वाचाव्यात. मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गावरील एका चाचणीत ५५० रुग्ण होते. तिचा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात नव्या जोडीचे यश ९८.४ टक्के तर तुलनेच्या प्रचलित औषधाचे ९४ टक्के होते. आकडे घसघशीत आहेत, पण दोन्ही बाजूंचे यश इतके मोठे असण्याचा अर्थ असा की यांतील बहुतेकांचे जीवाणू हट्टी नव्हते. ज्यांच्यासाठी औषध मुळात हवे होते, त्या कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या जीवाणूंच्या रुग्णांची दुसरी चाचणी बरीच छोटी होती. निश्चित निदान झालेल्या ४७ रुग्णांपैकी ३२ जणांना नवी जोडी मिळाली व त्यांतील २१ उपचार संपताना बरे होते. १५ जणांना त्या वेळी उपलब्ध असलेले उत्तम उपचार मिळाले व त्यांतील ५ बरे होते. फरक मोठा दिसतो. पण १५ पैकी आणखी तिघे बरे झाले असते तर टक्केवारी किती बदलली असती, हे आठवीतला विद्यार्थीही काढू शकेल.

बशीत पास, रुग्णात नापास

आता उलट बाजू. एपेट्राबोरोल हेही बोरॉनचे संयुग. जीवाणूला प्रथिने बनवण्यासाठी ल्युसीन हे अमिनो आम्ल योग्य वाहक आरएनएला जोडावे लागते. ते जोडणाऱ्या विकरात चूक दुरुस्त करण्याची एक स्वतंत्र जागा असते. बोरॉन त्या जागेत बसून वाहक आरएनएच्या टोकाशी असलेल्या शर्करेच्या दोन हायड्रॉक्सिल गटांना पकडतो. वर मॅनिटॉलची जी ओढ सांगितली तीच ही. आरएनए अडकले, विकर अडकले, प्रथिननिर्मिती थांबली. युक्ती इतकी सुंदर आहे की तिचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. २००७ साली ती प्रथम स्पष्ट झाली ती टॅव्हाबोरोल या बुरशीरोधक संयुगाच्या अभ्यासातून.

एपेट्राबोरोल प्रयोगशाळेत अनेक ग्रॅम-ऋण जीवाणूंवर चांगले चालले आणि रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले. मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या चाचणीत मात्र काही रुग्णांमध्ये उपचार सुरू झाल्यावर लवकरच औषधाला न जुमानणारे जीवाणू दिसू लागले आणि २०१२ साली चाचणी थांबवावी लागली. विकराच्या त्या दुरुस्तीच्या जागेतला एखादा बदल जीवाणूला सुटायला पुरेसा होता.

हे आधी दिसले नसते का? एक साधा हिशोब करू. मूत्रमार्गाच्या संसर्गात मिलिलिटरमागे एक लाख जीवाणू ही निदानासाठी रूढ असलेली सीमा आहे. मूत्राशयात ३०० मिलिलिटर लघवी असेल तर तीन कोटी जीवाणू झाले. समजा, दर कोटीत एक जीवाणू जन्मतःच औषधाला दाद न देणारा आहे. म्हणजे उपचारापूर्वीच असे तीन तरी तिथे हजर असणार. बाकीचे मेले की मैदान त्यांचेच. बशीतल्या वर्तुळात मात्र जीवाणू त्या मानाने फार थोडे असतात. त्यामुळे असा एखादा त्यात सापडेलच असे नाही, आणि सापडला तर तो वर्तुळाच्या आत एकटी वसाहत म्हणून दिसतो. मघाशी जिचा उल्लेख केला ती हीच. तिला 'बाहेरची घाण' समजून सोडून दिले तर कसोटीने दिलेला इशारा आपणच पुसून टाकला असे होईल.

याच तत्त्वावर बेतलेले गॅनफेबोरोल हे संयुग क्षयरोगाच्या जीवाणूवर तपासले जात आहे. रुग्णांवरील त्याच्या सुरुवातीच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले आणि ते उत्साहवर्धक होते. क्षयरोगावर नेहमीच अनेक औषधे एकत्र देतात, त्यामुळे एका औषधातून सुटलेला जीवाणू दुसऱ्याच्या तावडीत सापडण्याची शक्यता असते. एपेट्राबोरोलच्या अपयशातून मिळालेला धडा इथे उपयोगी पडू शकतो.

आपल्याकडचा प्रश्न

जीवाणूंची औषधांना वाढती दाद न देण्याची वृत्ती ही दूरची गोष्ट नाही. २०१९ साली जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट यामुळे झाले असा अंदाज २०२२ मध्ये मांडला गेला. भारतात केपीसीपेक्षा एनडीएम हे विकर अधिक आढळते. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णात ते प्रथम सापडले आणि २००९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. एनडीएमच्या गाभ्यात सेरीन नसून जस्ताचे अणू असतात आणि वाबोरबॅक्टम त्याला अडवू शकत नाही. म्हणजे अमेरिकेतल्या यशाची बातमी आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाही.

टॅनिबोरबॅक्टम हे पुढच्या पिढीचे बोरॉन-संयुग सेरीनची विकरे आणि एनडीएम-१ अशा दोन्हींना अडवते. सेफेपाइमबरोबर ते देऊन केलेल्या, ६६१ रुग्णांच्या चाचणीत यशाचे प्रमाण ७०.६ टक्के, तर मेरोपेनेमचे ५८ टक्के आल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. तरीही एनडीएम-९ हा प्रकार केवळ एका अमिनो आम्लाच्या फरकाने टॅनिबोरबॅक्टमच्या हातून निसटतो. तेव्हा 'रोगकारक जीवाणूंवर प्रभावी' या शब्दांनंतर 'कोणत्या जीवाणूंवर, त्यांच्याकडे कोणते विकर असताना?' हा प्रश्न आलाच पाहिजे.

एक रास्त आक्षेप

यावर कोणी म्हणेल की हे सारे मोठ्या कंपन्यांना आणि संस्थांना जमते. तालुक्याच्या महाविद्यालयात चकत्या आणि अगार एवढेच परवडते, मग त्यांनी संशोधन करूच नये काय? आक्षेप रास्त आहे. पण आम्ही सुचवतो त्यांतल्या निम्म्या गोष्टींना पैसे लागत नाहीत. द्रावकाची आणि बोरिक आम्लाची चकती ठेवायला काही पैशांचा खर्च येतो. परीक्षानळ्यांत संयुगाचे प्रमाण दर वेळी निम्मे करत जाऊन, मिलिलिटरमागे ६४, ३२, १६, ८ मायक्रोग्रॅम अशा क्रमाने, जीवाणूंची वाढ कोणत्या नळीपर्यंत रोखली जाते हे पाहता येते. या किमान रोधक तीव्रतेत पसरण्याच्या वेगाची भानगड नसते. स्वच्छ राहिलेल्या नळीतला थेंब ताज्या माध्यमावर पसरला की जीवाणू मेले की थबकले तेही कळते. संयुग माणसाच्या पेशींनाही मारते का, याची तपासणी मात्र दुसऱ्या संस्थेच्या मदतीनेच होईल. ती झाली नसेल तर 'औषध' हा शब्द वापरू नये, एवढा संयम तरी फुकट आहे. ज्या संयुगांचे वर्तुळ पडले नाही त्यांचीही नोंद छापली, तर पुढच्याचे श्रम वाचतील.

वर्गात काय करता येईल

विज्ञान-प्रदर्शनांत हाताचे किंवा गटाराचे जंतू बशीत वाढवून त्यांवर निरनिराळे पदार्थ घालण्याचे प्रकल्प दिसतात. शाळेत ते करू नयेत. अशा बशीत काय वाढले आहे हे ओळखण्याची आणि ती निर्जंतुक करून टाकण्याची सोय शाळेत नसते. बोरिक पावडरही मुलांच्या हाती प्रयोगासाठी देण्याचे कारण नाही.

वर्तुळाचा खरा स्वभाव जंतूंशिवायही दाखवता येतो. बाजारात मिळणारे चायना ग्रास पाण्यात उकळून बशीत ओता आणि थिजू द्या. कागदाच्या सारख्या आकाराच्या दोन चकत्या घ्या. एक पोटॅशियम परमँगनेटच्या आणि दुसरी तितक्याच तीव्रतेच्या मेथिलीन ब्ल्यूच्या द्रावणात बुडवून थिजलेल्या थरावर ठेवा. तासाभराने रंगीत वर्तुळे मोजा. जांभळे वर्तुळ निळ्यापेक्षा मोठे दिसेल. मग विचारा : जांभळा पदार्थ निळ्यापेक्षा 'अधिक प्रभावी' आहे का? कशावर प्रभावी? इथे तर जीवाणूच नाहीत! पुढच्या बशीत थराची जाडी बदला, तिसरीत द्रावणाची तीव्रता दुप्पट करा आणि व्यास दुप्पट होतो का ते पाहा.

यानंतर एखादी बातमी किंवा निबंधातला तक्ता फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना पाच प्रश्न विचारायला सांगा. नुसत्या द्रावकाचे काय झाले? मात्रा किती होती? जीवाणू मेले की थांबले? माणसाच्या पेशींवर काय परिणाम झाला? वर्तुळात वसाहती उगवल्या का? बहुतेक तक्ते या पाचांपैकी दोन प्रश्नांचीही उत्तरे देणार नाहीत. उरलेल्या प्रश्नांपुढे विद्यार्थ्यांनी 'माहिती दिलेली नाही' असे वहीत लिहावे. असे लिहिता येणे हे वर्तुळाचा व्यास अचूक मोजण्याइतकेच महत्त्वाचे प्रयोगकौशल्य आहे.